बेडकीचं अंडं केव्हा ठरवतं?

जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गोंदिया जिल्ह्यात पहिला दणक्याचा पाऊस झाला, की त्या रात्री गावात शांतता नसते. बांध्यांत, बोड्यांत, रस्त्याकडेच्या खड्ड्यांत, जिथे म्हणून पाणी साचलं असेल तिथे बेडूक ओरडत असतात. सगळ्यात मोठा आवाज त्या मोठ्या बेडकाचा, ज्याला शास्त्रात होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस म्हणतात. एरवी मातकट-हिरवा दिसणारा त्याचा नर या दिवसांत हळदीसारखा पिवळा होतो आणि गळ्याजवळच्या दोन निळ्या फुग्या फुगवत बसतो. दरवर्षी त्याचे व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि दरवर्षी कुणीतरी विचारतं, हे फोटोशॉप आहे का.

हा सगळा बँडबाजा नरांचा. खरी घटना बिनआवाजाची असते आणि ती मादीच्या पोटात घडते. तिथे अंडपेशी कधीपासून थांबून असतात. पावसाची बातमी मेंदूला कळते, मेंदूतून पिट्युटरीला, पिट्युटरीतून रक्तात एक हार्मोन, त्या हार्मोनमुळे अंडपेशीभोवतालच्या पेशी दुसरं हार्मोन बनवतात, प्रोजेस्टेरॉन. ते अंडपेशीच्या बाहेरच्या आवरणाला येऊन लागतं. मग काही तासांत ती पेशी ठरवते, की आता निघायचं.

'ठरवते' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. माझा एक मित्र तत्त्वज्ञान शिकवतो. त्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, पेशी काय ठरवणार, रसायनं आपला मार्ग धरतात आणि आपण त्याला निर्णय म्हणतो. बरोबर असेल. पण मग मी त्याला विचारलं, आपण जेव्हा ठरवतो तेव्हा आपल्या डोक्यात रसायनांखेरीज काय असतं? तो म्हणाला, तो प्रश्न फार जुना आहे. जुना आहे हे खरं. पण जुन्या प्रश्नाकडे जायला कधी कधी एक नवी पायवाट मिळते आणि माझ्यासाठी ती बेडकीच्या अंड्यातून निघाली.

आधी थांबण्याविषयी. अंडाशयातली पूर्ण वाढलेली अंडपेशी जवळजवळ सगळ्या अर्थांनी तयार असते. बलक भरलेला, पुढच्या गर्भाला लागणारी प्रथिनं आणि आरएनए साठवलेले. तरी ते अजून अंडं नसतं. पेशीविभाजनाच्या अगदी पहिल्या पायरीवर, प्रोफेज-१ मध्ये, ती अडवलेली असते आणि त्या अवस्थेत शुक्राणू आला तरी नीट फलन होत नाही. माणसांतही हेच आहे, फक्त थांबा फार लांब. बाईच्या अंडपेशी ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होऊन या पायरीवर थांबतात. म्हणजे तुम्ही ज्या अंडपेशीतून आलात ती तुमच्या आजीच्या पोटात, तुमच्या न जन्मलेल्या आईच्या शरीरात बनली होती आणि मग वीस, तीस, कधी चाळीस वर्षं तिथेच बसून होती. बेडकीत नवी भरती चालू राहते, त्यामुळे तिचा हिशेब इतका नाट्यमय नाही.

आता हे थांबणं म्हणजे निष्क्रिय पडून राहणं असं आपल्याला वाटतं. मलाही यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच, की ते तसं नाही. यातलं बहुतेक ज्ञान दक्षिण आफ्रिकेतल्या झेनोपस नावाच्या बेडकातून आलं आहे. त्याच्या अंडपेशीत पुढे जाण्याचं इंजिन आधीच जोडून ठेवलेलं असतं: सीडीसी-२ नावाचं एन्झाइम आणि त्याला चिकटलेलं सायक्लिन-बी हे प्रथिन. पण सीडीसी-२ वर एक दुसरं एन्झाइम फॉस्फेटचे गट लावून ठेवतं आणि त्यामुळे ते गप्प राहतं. शिवाय पेशीत सायक्लिक एएमपी या छोट्या रेणूची पातळी वर राखलेली असते आणि तिच्या जोरावर प्रोटीन किनेज-ए हे एन्झाइम सारखं 'थांब, थांब' म्हणत असतं. ही पातळी राखायला पेशीला सतत काम करावं लागतं. कुणी ब्रेकवर पाय ठेवून बसलेलं आहे, गाडी चालू आहे. प्रोजेस्टेरॉन ॲक्सिलरेटर दाबत नाही, ते ब्रेकवरचा पाय हलकेच उचलायला लावतं.

घरी बसून स्पर्धा परीक्षेच्या निकालाची, नाहीतर कंपनीच्या ऑफर लेटरची वाट बघणाऱ्या माझ्या वयाच्या पोरांना नातेवाईक विचारतात, 'सध्या काय करतोस?' आणि 'काही नाही' असं उत्तर दिलं जातं. मला आताशा ते उत्तर खोटं वाटतं.

या अंडपेशीविषयीचा सगळ्यात सुंदर प्रयोग योशिओ मासुई यांचा. १९३१ साली क्योटोत जन्मलेला हा माणूस अमेरिकेत येल विद्यापीठात क्लेमंट मार्कर्ट यांच्या प्रयोगशाळेत आला, नंतर कॅनडात टोरांटोला गेला. त्या दोघांचा पेपर १९७१ सालचा. त्यांच्याकडे होता तो उत्तर अमेरिकेतला बेडूक, राना पिपिएन्स. अंडपेशी प्रोजेस्टेरॉनच्या द्रावणात ठेवली तर ती परिपक्व होते. पण तेच प्रोजेस्टेरॉन बारीक सुईने थेट पेशीच्या आत सोडलं तर काहीही होत नाही.

इथे जरा थांबा. हार्मोन आत गेलं तर काम नाही, बाहेर लागलं तर काम. म्हणजे हार्मोन स्वतः काही करत नाही. ते दारावर टकटक करतं आणि आतलं घर आपलं आपण उठतं. मग मासुईंनी विचारलं, आत उठतं ते नेमकं काय? त्यांनी प्रोजेस्टेरॉन लागून परिपक्व होत असलेल्या अंडपेशीतला द्रव सुईने किंचित काढला आणि जिला हार्मोनचा स्पर्शही झालेला नाही अशा दुसऱ्या पेशीत सोडला. ती दुसरी परिपक्व झाली. पुढे इतरांनी दुसरीतला थेंब तिसरीत, तिसरीतला चौथीत असं नेऊन पाहिलं. दर वेळी द्रव पातळ व्हायला हवा होता, ताकद कमी व्हायला हवी होती. झाली नाही. प्रत्येक पेशी मिळालेल्या चिमूटभर गोष्टीतून पुन्हा पूर्ण माप तयार करत होती. विरजणासारखं. आपण विरजणाचं दूध रोज बदलतो, तरी दही कधी पातळ पिढीचं होत नाही.

त्या अनोळखी गोष्टीला मासुईंनी मॅच्युरेशन प्रमोटिंग फॅक्टर, एमपीएफ, असं नाव दिलं. ती म्हणजे नक्की काय हे कळायला सतरा वर्षं गेली. १९८८ साली लोहका, हेज आणि मॅलर यांनी ती झेनोपसच्या अंड्यांतून शुद्ध करून काढली आणि लवकरच लक्षात आलं, की हे तर यीस्टपासून माणसापर्यंत सगळ्या पेशींना विभाजनात ढकलणारं तेच सीडीसी-२ आणि सायक्लिन. पेशीचक्राच्या शोधासाठी २००१ सालचं नोबेल हार्टवेल, हंट आणि नर्स यांना मिळालं. मासुईंना १९९८ चा लास्कर पुरस्कार हार्टवेल आणि नर्स यांच्यासोबत मिळाला होता, नोबेलच्या यादीत ते नव्हते. नोबेल एका वेळी तिघांपेक्षा जास्त जणांना देत नाहीत. हाही एक उंबरठाच, आणि त्याच्या अलीकडे राहिलेल्या माणसाचं काम पलीकडच्यांपेक्षा कमी नव्हतं.

आता त्या टकटकीविषयी. घर उठतं ते टकटक ऐकून, पण टकटक करणारा कोण हे घराला दिसत नाही. १९३० च्या दशकात केप टाउनमधल्या संशोधकांनी नेमका याचा उपयोग केला. गरोदर बाईच्या लघवीत एक हार्मोन असतं, एचसीजी. ते बेडकीच्या स्वतःच्या पिट्युटरी हार्मोनसारखं वागतं. झेनोपसच्या मादीला बाईच्या लघवीचं इंजेक्शन द्यायचं. साधारण एका दिवसाच्या आत तिने अंडी घातली तर बाई गरोदर. ही चाचणी लॅन्सलॉट हॉगबेन यांच्या नावाने ओळखली गेली आणि पुढची दोन-तीन दशकं जगभरच्या दवाखान्यांनी ती वापरली. आज प्रयोगशाळांत झेनोपस एवढा सहज मिळतो त्याचं एक कारण हे.

त्या बेडकीचा विचार करा. बाहेर पाऊस नाही, तळं नाही, नर नाही. काचेच्या बरणीत ती बसली आहे आणि तिच्या पोटातल्या शेकडो अंडपेशींनी निघायचं ठरवलं. बातमी खरी होती, फक्त ती तिची नव्हती. कुठल्या तरी अनोळखी बाईच्या आयुष्यातली बातमी तिच्या शरीराने आपली म्हणून वाचली. हिला चूक म्हणायचं का? मी म्हणणार नाही. तिच्या पेशींनी जे वाचायचं ते बरोबर वाचलं. त्यांच्यापाशी जेवढी माहिती होती तेवढीवर दुसरं काही करणं शक्यच नव्हतं.

आपल्याकडे याच्या अगदी उलटं केलं जातं. विदर्भात पाऊस लांबला की पोरं धोंडी काढतात. कडुनिंबाचा पाला, काठी नाहीतर मुसळ, त्याला बांधलेला बेडूक, आणि घरोघरी त्याच्यावर पाणी ओतायचं. केप टाउनवाल्यांनी बेडकीला खोटा पाऊस सांगितला, आपण बेडकाकरवी पावसाला खोटा पाऊस दाखवतो. बेडकाला दोन्हीकडे कुणी विचारत नाही.

पण इथून पुढे मामला बेडकाचा राहत नाही.

गोंदिया धानाचा जिल्हा आहे. माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, बोड्या, नवेगावबांध, इटियाडोह, एवढं पाणी असूनही बहुतेक बांध्यांचं नशीब पावसावरच ठरतं. मृग लागला की पहिला प्रश्न असतो, पऱ्हे कधी टाकायचे. पऱ्हे म्हणजे धानाची रोपवाटिका. बी टाकलं की घड्याळ सुरू. साधारण तीन आठवड्यांनी रोवणी व्हायला हवी आणि रोवणीला बांधीत चिखल करण्याइतकं पाणी हवं. पाऊस ताणला तर पऱ्हे जागेवरच म्हातारे होतात, मग रोवले तरी फुटवे कमी. उशिरा टाकावे तर रोवणी पुढे सरकते आणि लोंबी भरायच्या वेळी पाणी सरतं. म्हणून पहिल्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धुऱ्यावर उभा असलेला माणूस आणि त्याच पाण्यातल्या बेडकीची अंडपेशी एकाच प्रश्नासमोर असतात: ही बातमी खरी आहे का?

आमच्या घरी हा प्रश्न दर जूनमध्ये फोनवरून माझ्यापर्यंत येतो, कारण हवामानाचं ॲप माझ्याकडे आहे असा बाबांचा समज आहे. ते त्यांच्याकडेही आहे. मी सांगतो, बुधवारी चाळीस टक्के शक्यता. पलीकडून येतं, "चाळीस टक्के म्हंजे पडन का नाई पडन, तेवढं सांग ना."

पूर्वी मला वाटायचं, ही संभाव्यता न कळण्याची अडचण आहे. आता वाटत नाही. बाबांना संभाव्यता चांगली कळते, आयुष्यभर त्यांनी तेच केलं आहे. त्यांचा मुद्दा वेगळा आहे. पाऊस चाळीस टक्के असू शकतो, पेरणी चाळीस टक्के असू शकत नाही. बी एकतर पोत्यात असतं नाहीतर मातीत.

नेमकी हीच गोष्ट १९९८ साली जेम्स फेरेल आणि एरिक मॅक्लेडर यांनी झेनोपसच्या अंडपेशींत दाखवली आणि ज्या पद्धतीने दाखवली ती प्रत्येक डेटावाल्याने शिकून घ्यावी अशी आहे. प्रोजेस्टेरॉनमुळे पेशीत मॉस नावाचं प्रथिन बनू लागतं. त्यासाठी डीएनएला काही विचारावं लागत नाही. आरएनए आधीच साठवलेला असतो, फक्त तो वाचायला सुरुवात होते. मॉसमुळे पुढचं एन्झाइम जागं होतं, त्याने त्याच्या पुढचं, आणि शेवटी एमएपी किनेज. आता वेगवेगळ्या पेशींना प्रोजेस्टेरॉनचे वेगवेगळे डोस दिले आणि प्रत्येक डोसच्या बऱ्याच पेशी एकत्र वाटून मोजमाप केलं, तर आलेख छान चढता दिसतो. थोडा डोस, थोडं एमएपी किनेज जागं. मधला डोस, निम्मं जागं. कुणीही म्हणेल, पेशी डोसच्या प्रमाणात प्रतिसाद देते.

फेरेल आणि मॅक्लेडर यांनी पेशी एकत्र वाटल्या नाहीत. एकेक वेगळी तपासली. मधल्या डोसला 'निम्मी जागी' अशी पेशी जवळजवळ सापडलीच नाही. काही पूर्ण जाग्या होत्या, बाकीच्या पूर्ण झोपलेल्या. पन्नास टक्के हा आकडा खरा होता, पण तो कुठल्याही एका पेशीविषयी नव्हता. तो घोळक्याचा होता. सरासरीने प्रत्येक पेशीविषयी खोटं सांगितलं होतं आणि एकही आकडा चुकीचा नव्हता.

मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या तालुक्यातला पीक विमा आठवला. त्या योजनेचा मुख्य भाग क्षेत्रावर चालतो. महसूल मंडळात काही ठिकाणी पीक कापणी प्रयोग होतात, त्यावरून सरासरी उत्पादन निघतं आणि ते 'उंबरठा उत्पादना'पेक्षा कमी आलं तर भरपाई. उंबरठा उत्पादन काढायचा नियमही सरासरीचा: मागच्या ७ वर्षांतली चांगली ५ वर्षं घ्यायची, त्यांची सरासरी, गुणिले जोखीम स्तर. मंडळात तलावाखालच्या शंभर जणांचं भरघोस पिकलं आणि वरच्या बाजूच्या चाळीस जणांचं करपलं, तर मंडळाचं 'बरं' पिकलं. बरं पिकलेला शेतकरी त्या मंडळात शोधून सापडणार नाही. पिकलेले आहेत आणि बुडालेले आहेत.

योजना आखणाऱ्यांना हे कळत नाही असं नाही. प्रत्येक बांधी वेगळी तपासायला माणसं, पैसा, वेळ लागतो आणि सरासरीत लबाडीला वाव कमी. व्यवहार म्हणून मला ते समजतं. पण त्याचा नैतिक अर्थ असा, की ज्याने उंबरठा ओलांडला तो एकटा आणि त्याचा हिशेब मात्र घोळक्यात. निर्णयाची जबाबदारी व्यक्तीची, नुकसानीचं अस्तित्व समूहाने मान्य केलं तरच. यात काहीतरी मुळातच वाकडं आहे.

अंडपेशी अशी शून्य-किंवा-एक का वागते? कारण साखळीत मागे वळणारे दुवे आहेत. एमएपी किनेज जागं झालं की ते मॉस आणखी वाढवतं, मॉस वाढलं की एमएपी किनेज आणखी जागं. सीडीसी-२ थोडं मोकळं झालं की ते स्वतःवरचे फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमला चेतवतं आणि लावणाऱ्याला दाबतं. थोडं 'हो' झालं की ते स्वतःच्याच बळावर पूर्ण 'हो' होतं. माझ्या धंद्यात, इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्या वर्षात, याला लॅच म्हणतात: बटण दाबा, दिवा लागतो, बोट काढा, दिवा लागलेलाच. फेरेल यांनी वेन शिओंग यांच्यासोबत २००३ साली तेही तपासलं. अंडपेशी परिपक्व झाल्यावर प्रोजेस्टेरॉन धुऊन टाकलं. पेशी मागे फिरली नाही. मग त्यांनी मागे वळणारा दुवा रासायनिक पद्धतीने तोडला आणि पुन्हा तेच केलं. आता हार्मोन धुतल्यावर पेशी हळूहळू पूर्वस्थितीला आली, जणू काही झालंच नव्हतं. म्हणजे ती जे लक्षात ठेवत होती ते त्या वर्तुळात होतं.

मला वाटतं, निर्णय आणि नुसता प्रतिसाद यांतला फरक इथे आहे. उन्हात दगड तापतो, सावलीत निवतो, तो प्रतिसाद. निर्णय म्हणजे ज्या कारणाने तो घेतला ते कारण निघून गेलं तरी जो टिकतो तो. या अर्थाने अंडपेशी ठरवते, आणि मी माझ्या मित्राशी अजूनही या मुद्द्यावर भांडायला तयार आहे. तिच्याकडे पुरावा वाचणं आहे, उंबरठा आहे आणि ओलांडल्यावर न फिरणं आहे. आपल्या बऱ्याच निर्णयांत याहून जास्त काही नसतं. प्रेमात पडलेला माणूस ज्या हसण्यामुळे पडला ते हसणं दोन वर्षांत आटतं, तरी तो तिथेच असतो.

आणि हे न फिरणं हा दोष नाही. अर्धवट परिपक्व अंडपेशी कुणाच्याच उपयोगाची नाही. केंद्रकाचं आवरण विरघळलेलं, गुणसूत्रं मधेच लोंबकळलेली, फलन शक्य नाही आणि मागे जाणंही नाही. पाऊस दोन तास थांबला म्हणून प्रत्येक पेशी मागे-पुढे करू लागली तर एकही अंडं बनणार नाही. तिला ठाम असावंच लागतं. गंमत अशी की पुढे जाऊन ती पुन्हा थांबते, दुसऱ्या विभाजनाच्या मध्यावर, या वेळी शुक्राणूसाठी. ब्रेक वेगळा, बातमी वेगळी, वाट बघणं तेच.

मग बेडकी खोट्या पावसाला बळी कशी पडत नाही? पडते. आठवडाभर उघडीप झाली की रस्त्याकडेच्या डबक्यांत वाळलेले, चिखलाला चिकटलेले अंड्यांचे थर दिसतात. पण तिची अंडी हजारांत असतात आणि सगळ्यांचा उंबरठा एक नसतो. मधल्या डोसला निम्म्या निघाल्या आणि निम्म्या राहिल्या त्या म्हणूनच. प्रत्येक पेशी शंभर टक्के ठाम, पण बेडकी म्हणून बघाल तर जोखीम वाटलेली. शेतकरीही जमेल तिथे हे करतो. अर्धे पऱ्हे पहिल्या पावसाला, अर्धे दहा दिवसांनी. थोडं आवत्या, थोडं रोवणीचं. ज्याच्याकडे पाच एकर आणि बियाण्याला पैसा आहे त्याला हे जमतं. एक एकरवाल्याचं बियाणं एकदाच येतं, तेही उधारीवर. तो बेडकी नाही, तो एकच अंडपेशी आहे.

म्हणून मला गावातला तो संवाद सहन होत नाही, जो दर ऑगस्टमध्ये पानठेल्यावर चालतो. दोन शेजारी. एकाने पहिल्या पावसाला पऱ्हे टाकले, दुसरा थांबला. पाऊस रुसला, की पहिला उतावळा आणि दुसरा धोरणी. पुढच्या वर्षी पाऊस लागून राहिला, की तोच पहिला हुशार आणि तोच दुसरा आळशी. दोघांनी दोन्ही वर्षं तेच केलं. आकाश पाहिलं, मुंग्या पाहिल्या, ॲप पाहिलं, ठरवलं. बदललं ते फक्त आकाश. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ साली याच कोड्याला 'मॉरल लक' म्हणून समोर मांडलं. जे माणसाच्या हातात नाही त्यावरून आपण त्याला भला-बुरा ठरवतो आणि तरी तसं न ठरवणं आपल्याला जमत नाही.

गीतेचा तोडगा सगळ्यांना पाठ आहे: तुझा अधिकार कर्मापुरता, फळावर नाही. ठरवणाऱ्याच्या मनाला यातून थोडी शांती मिळते, हे मी नाकारत नाही. पण सोसायटीचं कर्ज फळावरच फेडायचं असतं. फळाची चिंता सोडायला सांगणाऱ्याने निदान फळ बुडाल्यावर वसुलीची नोटीसही सोडायला हवी.

मग अंडपेशीत आणि माणसात फरक काय उरला? एवढाच, की अंडपेशीला 'का?' असं विचारता येत नाही आणि माणसाला येतं. तो सांगू शकतो: त्या दिवशी वारा पश्चिमेचा होता, शेजारच्या गावात दोन दिवस लागून पडलं होतं, बियाणं घरात आलेलं होतं, मजूर पुढच्या आठवड्यात मिळणार नव्हते. ही उत्तरं ऐकायची असतील तर 'का' विचारण्यात न्याय आहे, कारण मग आपण त्याला उंबरठ्यावर उभं असलेलं पाहतो, जेवढं त्याला दिसत होतं तेवढंच पाहतो. पण आपण बहुतेकदा 'का' विचारतो ते उत्तर ऐकायला नाही. ते प्रश्नचिन्ह लावलेलं दूषण असतं. लग्न मोडलेल्या मुलीला विचारतात तसं. कॉम्प्युटर सायन्स सोडून यूपीएससीकडे गेलेल्या आणि चार वर्षांनी परत आलेल्या मुलाला विचारतात तसं. त्या माणसाला जी बातमी मिळाली होती ती खरी होती, फक्त पाऊस पुढे टिकला नाही, ही शक्यता विचारणाऱ्याच्या डोक्यातच नसते.

बेडकीच्या पोटात एक सोय आहे, ती मला या सगळ्यात सर्वांत हेवा वाटण्यासारखी वाटते. ज्या अंडपेशी त्या हंगामात निघाल्या नाहीत त्यांतल्या पुष्कळशा वाया जात नाहीत. अंडाशयातच त्यांचं विघटन होतं, भोवतालच्या पेशी तो बलक खाऊन टाकतात आणि महिनोन्‌महिने साठवलेलं अन्न शरीरात परत जिरतं. न घेतलेल्या निर्णयाचं भांडवल परत मिळतं. म्हातारे झालेले पऱ्हे मात्र कुणी परत पोत्यात भरू शकत नाही. रोवणीची वेळ टळली की ते बांधीच्या एका कोपऱ्यात पिवळे पडत उभे राहतात, आणि मग एखाद्या दिवशी घरचाच माणूस काही न बोलता गाईचं दावं सोडून तिला तिकडे वळवतो.